पातेल्यांवरचं नाव

माझ्या पातेल्यांवर माझंच नाव कसं आलं, ते ऐका. मालकांना बीडच्या कचेरीत नोकरी लागलती, म्हणून आमी धारूर सोडून आलतो. भाड्याची एकच खोली. सासरचा मोठा हंडा आत ठेवला की चुलीपुढं बसायलाच जागा राहीना. मालक म्हणले, "जा, मोडीत घाल अन् बारकी भांडी घे. नाव तेवढं घालून आण, नाहीतर शेजारी उचलतेत."

तांबट आपली मोठीच पातेली पुढं करायला लागला. "घ्या बाई, पाव्हणे येतेत."

म्हणलं, "मग पाव्हण्यांना बसायला जागा नको का?"

एकात एक बसणारी तीन पातेली निवडली. तिथंच एकात एक घालून पाहिली, तवा कुठं हंडा सोडला.

घरी मालकांनी लई कौतुकानं एकेक पातेलं उचललं. नाव वाचलं अन् कपाळाला आठ्या!

"तिन्हीवर तुझंच नाव कावून?"

मी डोक्यावरचा पदर सारखा केला. म्हणलं, "तांबटानं नाव विचारलं. आता भर बाजारात नवऱ्याचं नाव घेऊ का मी?"