कोरी पानं

अठ्ठ्याऐंशी सालचा फेब्रुवारी. पिंप्राळ्यात भिकनभाऊ बाइंडरकडे माझं पुस्तक शिवायला दिलं होतं, म्हणून बाकड्यावर बसलो होतो. तेवढ्यात एक बाई वह्यांचा गठ्ठा घेऊन आली.

“भाऊ, यातली कोरी पानं काढून एक जाड वही शिवा. पोराची दहावी शे. गणितांच्या सरावाला लागते.”

“नवीच घ्यायची ना, नर्मदाअक्का.”

“घरात एवढं कोरं पडलंय. नवी कशाला?”

“या वह्या कोणाच्या?”

“मोठ्या पोरीच्या. मागच्या वर्षी तिची दहावी होती.”

“अक्षर छान आहे. पण दिवाळीपर्यंतच लिहिलंय. पुढे शेवटपर्यंत बठ्ठं कोरं.”

“त्या दिवाळीत मी आजारी पडले. घरचं कोण बघणार? बसवलं तिला घरी.”

“आता बरी आहे ना तब्येत?”

“आता बरी शे.”

“मग पोरगी परत शाळेत?”

“नाही, भाऊ. आता सवय झाली. तिलाबी अन् आम्हालाबी.”

“बरं. लिहिलेली पानं रद्दीत टाकू?”

“नको. तीबी वेगळी शिवून द्या. मी निघताना पोरगी म्हणाली, माझं लिहिलेलं तेवढं परत आण.”

“मग तिच्या पानांमागे थोडी कोरी राहू देऊ का?”

“पोराला कमी पडतील.”

“ठीक आहे. मग सगळी काढतो.”

“थांबा, भाऊ. दोन-चार राहू द्या. दुधाचा हिशेब तीच लिहिते.”