चार झाकणांची बदली

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे सचिव आणि कंत्राटदार साहेब, आजचे सत्कारमूर्ती माळीकाका, त्यांच्या शेजारी अवघडून बसलेली त्यांची लेक, आणि समोर जमलेले आपण सर्व शेजारी,

आपल्या बागेतल्या दिव्यांच्या अकरा खांबांपैकी एकालाही अर्थिंग नाही, असं विद्युत निरीक्षकांनी आज दुपारी सव्वाचार वाजता लेखी कळवलं आहे. कागदावर त्यांची सही आहे, शिक्का आहे. अध्यक्षांनाही प्रत मिळाली आहे. मघाशी ती फुलदाणीखाली सरकवलेली मी पाहिली.

माळीकाकांविषयी चार गोड शब्द बोला, असं सचिवांनी मला सांगितलं. बोलतो. एकोणीस वर्षं त्यांनी ही बाग राखली. निमंत्रणपत्रिकेवर छापलंय, ‘वयोमानानुसार निवृत्ती’. त्यांचं वय सत्तावन्न. अध्यक्षांचं विचारत नाही. खरं कारण महिनाभर सूचना फलकावर लावलेलं होतं : ‘पूर्वेकडच्या हिरवळीला पाणी देण्यास टाळाटाळ.’

ही टाळाटाळ कशी सुरू झाली? दिवे बसवले तेव्हा काम नीट झालं होतं, हे आधी कबूल करतो. लोखंडी खांब ओल्या मातीत उभा असतो. आतली वायर सोलवटली तर वीज खांबात उतरते. म्हणून खोल खड्ड्यात धातूचा दांडा पुरतात आणि प्रत्येक खांब तारेने त्याला जोडतात, हेच अर्थिंग. शिवाय गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवतात. हे सगळं होतं. कारंज्याजवळ चार खड्डे, त्यांवर चार हिरवी झाकणं.

मग वर्धापनदिनाचे फोटो आले. अध्यक्ष म्हणाले, “कारंज्याशेजारी ही गटाराची झाकणं काय शोभा देतात? कुंपणाकडे हलवा.” कंत्राटदार साहेब त्यांचे साडू. नात्यात नाही कसं म्हणायचं? म्हणाले, “आठ दिवसांत हलवतो.”

आणि त्यांनी खरोखर झाकणं हलवली. फक्त झाकणं. कुंपणाशी विटांच्या चार पेट्या बांधल्या, तळाला छान सिमेंट केलं, वर झाकणं बसवली आणि एक ते चार आकडे रंगवले. कारंज्याजवळ जुन्या जागी फरशी घालून बाक ठेवले आणि जुने दांडे त्या फरशीखाली गाडले गेले. त्यांच्या तारा फरशीला अडचण करत होत्या, म्हणून कापल्या. कामाची पाहणी समितीच्या तिघांनी केली. कशाची केली? रंगाची.

अर्थिंगच्या खड्ड्यात ओल राहावी म्हणून माळीकाका रोज बादलीभर पाणी घालत. जुन्या जागी ते मुरायचं. नव्या जागी तसंच राहिलं. ते सचिवांकडे गेले.

“साहेब, खड्ड्यात पाणी मुरत नाही. डास झालेत.”

“मग कमी घाला की!”

मंडळी, विजेचं काम न शिकलेल्या माणसाने दोष बरोबर पकडला होता, आणि पदवीधर माणसाने त्यावर बादलीचं माप सुचवलं.

पुढच्या महिन्यात पूर्वेच्या हिरवळीतला चौथा खांब चावू लागला. ओल्या गवतावर उभं राहून हात लागला की कोपरापर्यंत मुंग्या येत. ते पुन्हा गेले. समितीने बैठक घेतली, ठराव केला आणि त्यांना रबरी बूट दिले. समारंभपूर्वक! फोटो कार्यालयात लावला आहे. काकांनी तेव्हा विचारलं होतं, “मला बूट दिलेत. खेळणाऱ्या पोरांचं काय?” याची नोंद इतिवृत्तात नाही. टाळ्यांची आहे.

गळतीचा स्विच मात्र पाणी घातलं की पडायचा. एवढं प्रामाणिकपणे काम करणारं दुसरं काही या संकुलात नव्हतं. कंत्राटदार साहेबांनी त्याला ‘खराब’ ठरवून काढून टाकलं. स्विच गेल्यावर काका त्या खांबापाशी पाणी देईनात, हीच ती टाळाटाळ; मग त्यांनाही ‘खराब’ ठरवून काढलं, फक्त हार घातला. खजिनदारांचा कुत्रा एकही स्कूटर सोडत नाही, पण चौथ्या खांबाला वळसा घालून जातो. त्याला समितीवर घेता आलं असतं.

हसू नका. हसण्याआधी माझंही ऐका. मी तीस वर्षं वीज खात्यात मीटर तपासले. तळमजल्यावर राहतो. दोन वर्षं रोज त्या झाकणांवरून फिरायला गेलो आणि म्हणालो, वा, अर्थिंग आहे! वाकून एकही झाकण उचललं नाही. माझी लायकी या व्यासपीठावर बसण्याचीच आहे.

परवा सकाळी काका लेकीला काम समजावून देत होते. उद्यापासून तिची नेमणूक आहे. पहाटे सहाला पूर्वेची हिरवळ भिजवायची, असं तिच्या पत्रात सगळ्यात वर लिहिलंय. मी खिडकीत चहा घेत होतो.

“नळी इथपर्यंतच आण. चौथ्या खांबापाशी जाऊ नकोस.”

“बाबा, मग मलाही कामचुकार म्हणतील.”

“म्हणू दे. मला म्हणालेच ना? पण तू घरी येशील.”

चहा तसाच ठेवला. मीटर घेऊन गेलो. चौथ्या खांबात अख्खी वीज उभी होती. त्याच दिवशी निरीक्षकांकडे अर्ज दिला. आज त्यांनी पायाने एक नंबरचं झाकण सरकवलं, आत पाहिलं आणि मला विचारलं, “यात मासे पाळता का?”

माळीकाका, तुम्हाला कामचुकार म्हणणारी नोटीस मीही वाचली होती आणि गप्प बसलो होतो. सर्वांसमोर माफी मागतो. ती नोटीस लेखी मागे घ्यावी, असा अर्ज मी केला आहे. सव्वीस घरांच्या सह्या आहेत. व्यासपीठावरची एकही नाही.

निमंत्रणाबद्दल समितीचे आभार. इतकं शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल आपलेही. बोलण्याच्या भरात समितीविषयी एखादा चांगला शब्द निघून गेला असेल, तर ती चूक माझी समजून पोटात घालावी.

या कार्यक्रमानंतर अध्यक्षांच्या हस्ते बागेतले दिवे लावायचे, असं पत्रिकेत आहे. ते लागणार नाहीत. निरीक्षकांनी बागेची वीज तोडून पेटीला सील लावलं आहे. उद्या नऊला फरशी उखडायला सुरुवात होईल. जुने दांडे, तारा आणि स्विच जागेवर येऊन तपासणी होईपर्यंत चार-पाच दिवस लागतील, असा त्यांचा अंदाज आहे. आणि उद्या सहा वाजता ही मुलगी कामावर येईल, हिरवळीला पाणी देईल, हव्या त्या खांबापाशी जाईल. मी तिथे उभा असेन.