थोरलीची आश्विनी

(कोजागिरीचा दिवस, ऊन उतरलेलं. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सीमा आणि तिची आई कमल. समोर मातीत दोन वर्षांची मनू, सीमाच्या धाकट्या भावाची मुलगी.)

सीमा : पण पिवळाच का? लाल काय वाईट होता?

कमल : लाल अंगावर येतो गो. पिवळ्यात पोर कशी लख्ख दिसेल चांदण्यात.

सीमा : एका फ्रॉकसाठी हिंदमाताची सगळी दुकानं पालथी घातलीस. आता गुडघे नाही दुखत वाटतं.

कमल : दुखतायत की. पण नातीसाठी दुखले तर काय वाटत नाही.

सीमा : माझ्या वेळेला चांगले होते गुडघे तुझे.

कमल : काय म्हणालीस?

सीमा : काही नाही. मनू, माती खायची नाही. थू कर. थू.

मनू : आत्ते, थू.

सीमा : हां. शहाणी माझी.

कमल : बघ, तुझं ऐकते. आईबापाला दाद देत नाही आणि तुझं एका शब्दात ऐकते. म्हणून सांगते, सातच्या आत घरी पाहिजेस. पाटावर ती एकटी बसायची नाही. तुझ्या मांडीवर बसेल.

सीमा : मी नाहीये संध्याकाळी. सकाळीच सांगितलं तुला. ऑफिसातल्या बकुळाच्या गच्चीवर मसाला दूध आहे.

कमल : दरवर्षी कोजागिरीला घरात असतेस. याच वर्षी बरी गच्ची आठवली.

सीमा : दरवर्षी मोबाइल धरायला माणूस लागतं म्हणून घरात असते. यंदा तुझा राजेश हैदराबादहून सदेह आलाय. माझी ड्यूटी संपली.

कमल : कसली ड्यूटी?

सीमा : विसरलीस? तो तिकडे गेल्यापासून दर कोजागिरीला तू त्याला व्हिडिओ कॉलवर ओवाळतेस. मोबाइल कोणाचा? माझा. पाटावर तो उभा कोण धरतं? मी. तू स्क्रीनला कुंकू लावतेस, वरून अक्षता टाकतेस. तो तिकडून "आई, लवकर आटप, मीटिंग आहे" म्हणतो. मग स्क्रीन पुसायची मी. एकदा तांदळाचा दाणा चार्जिंगच्या भोकात अडकला, तो पण सुईने मीच काढला.

कमल : किती हसलो होतो गो तेव्हा आपण.

सीमा : तू हसलीस.

कमल : सीमा, तुझं काय बिनसलंय? आठवडाभर बघतेय. पोरीला जीव लावतेस आणि मी तिला जवळ घेतलं की तुझं तोंड वाकडं. ह्या वयात नातवंडांचं सुख मिळतंय मला. दुधापेक्षा साय गोड असते, उगाच नाही म्हणत.

सीमा : सायीचं कौतुक कर, पण दुधाकडे एकदा तरी बघायचं होतंस.

कमल : सरळ बोल. मला असलं तिरपं कळत नाही.

सीमा : बरं, सरळ विचारते. आश्विनी म्हणजे काय?

कमल : आता तू मला शिकव.

सीमा : शिकवत नाही, विचारते. कोजागिरीला आईने आपल्या थोरल्या लेकराला ओवाळायचं. नवीन कपडा द्यायचा. बरोबर?

कमल : बरोबर.

सीमा : तुझं थोरलं कोण? मी राजेशपेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे, आई.

कमल : तुला माहीत आहे ते. आजीने हा रिवाज तिच्या माहेराहून आणला. तिचं म्हणणं होतं, आश्विनी मुलग्याची. मुलगी परक्याच्या घरी जायची, तिची कशाला? सासूचा शब्द होता तो. तुझा बाबा पण तिच्यापुढे मान वर करत नसे, मी काय बोलणार?

सीमा : मी परक्याच्या घरी गेलेच नाही. तिथेच आहे, लालबागला, तुझ्या शेजारच्या खाटेवर.

कमल : तू गेली नाहीस त्याला मी काय करू? स्थळं काय कमी आणली?

सीमा : तो विषय नाही आज. आणि आजीला जाऊन किती वर्षं झाली? त्यानंतर कोण अडवत होतं तुला?

कमल : सवय झाली होती. आणि तू कधी बोललीस?

सीमा : राजेशची आकांक्षा बोलली, नाही का?

कमल : कोणी सांगितलं?

सीमा : तिनेच. राणीच्या बागेत मनूला पेंग्विन दाखवताना. "ताई, आईंना मी फोनवर विचारलं, मुलगी आहे म्हणून मनूची आश्विनी नाही करणार का? तर लगेच हो म्हणाल्या. किती मॉडर्न आहेत." मी म्हटलं, आहेतच.

कमल : अगं, सून विचारते. काय सांगू? आमच्याकडे मुलीची करत नाहीत म्हणू? लाज वाटली मला.

सीमा : सुनेसमोर वाटली. माझ्यासमोर कधी वाटली नाही. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

मनू : आत्ते, भूभू. भूभू आला.

सीमा : हो, आला. लांबून बघ. हात नको लावूस.

कमल : तू एवढ्याशा पोरीचा हेवा करतेस, सीमा?

सीमा : करते. खोटं कशाला बोलू? जळते मी तिच्यावर. रजा टाकून हिला गावभर फिरवलं. शिवडीला नेलं, पक्षी अजून यायचेत, नुसता चिखल, तरी "आत्ते, पाणी, आत्ते, बोट" करत नाचली. इतकी गोड पोर. दुपारी माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपते तेव्हा तिच्यासाठी आतडं तुटतं माझं, आणि त्याच वेळी मनात येतं, हिला न मागता मिळतंय. मला स्वतःचीच घाण वाटते. पण येतं मनात.

कमल : बाय माझी, एका दिव्यासाठी एवढं?

सीमा : मी एकदा बसले होते पाटावर. आठवतं? राजेशची पहिली आश्विनी होती. माझा गणवेशाचा फ्रॉक होता, आणि मीच जाऊन बसले, कोणी सांगितलं नव्हतं. थोरलं म्हणजे मी, असं वाटलं मला.

कमल : आजीने उठवलं होतं तुला.

सीमा : दंडाला धरून. मग राजेश एकटा बसेना, रडायला लागला. तर मलाच परत बसवलं, त्याला मांडीवर धरायला. तुझा दिवा माझ्या नाकासमोरून फिरत होता आणि ओवाळणं त्याचं. नंतर मोबाइल आला, तोही मीच धरला. आता मनू. मी माणूस आहे की पाट?

कमल : (डोळ्यांना पदर लावते.)

सीमा : रडू नकोस. चारचौघं चालायला आलेत इथे.

कमल : रडत नाही. मला आठवतंय ते. तू मान वर करून बघत होतीस माझ्याकडे. मी तुझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर हात थांबला असता, आणि म्हातारी मागे उभी.

सीमा : जाऊ दे.

कमल : जाऊ दे कसं? माझ्या माहेरी पण आश्विनी करायचे, आणि तिथे मी पण थोरली. पाठचे तीन भाऊ. मला कोणी ओवाळलं नाही. मला वाटायचं, बाईला हे लागत नसेल. मला नाही लागलं, तर तुला तरी कशाला लागेल?

सीमा : खरंच नाही लागलं तुला?

कमल : आता विचारतेस तर... कोणाला सांगू नकोस. लागलं होतं. मनूला घेऊन बस मांडीवर. दोघींना एकदम ओवाळते.

सीमा : नको. तिच्या ताटातलं उरलेलं मला नको. तिचं तिला पुरतं मिळू दे.

कमल : चुकलं. बरोबर बोलतेस. मनू थोरली आकांक्षाची. तिला तिची आई ओवाळेल, मी मध्ये कशाला? माझ्या थोरलीला मी ओवाळते. बकुळाला फोन कर, येत नाही म्हणून सांग.

सीमा : वेडी आहेस का? केस पांढरे झालेली बाई पाटावर बसून कशी दिसेल?

कमल : राजेश पोट सांभाळत बसेल तो चांगला दिसेल, तर तू पण दिसशील.

सीमा : आई, तो नवा कुर्ता शिवून घेऊन आलाय आजच्यासाठी. सकाळपासून दोनदा घालून आरशात बघितला. त्याला काय सांगणार आहेस?

कमल : सांगेन. "राजेश, तुझ्याआधी मला एक मुलगी झाली होती."