स्वतः करतो

समाजकल्याण कार्यालयात समोरच्या बाकावर बसलेल्या तिशीतल्या मुलाच्या बुटांच्या नाड्या, कुणीतरी समोर बसून बांधल्यासारख्या, उलट्या गाठीच्या होत्या. आपल्या नंबराची वाट पाहणाऱ्या बाईंना ते दिसलं आणि मग त्याच्या आईचं आणि बहिणीचं बोलणंही कानांवर पडू लागलं.

"आई, मदतीला माणूस हवाय ना? मग आत नीट सांग. दादा आंघोळ स्वतः करतो?"

"करतो की."

"आई."

"मी फक्त पाणी काढते, साबण लावते, पाठ घासते."

"मग त्याच्या वाट्याला काय उरलं?"

"भिजतो ना तो. स्वतः."

बहीण हसली, तसा तोही हसला.

"मागच्या वेळी हेच सांगितलंस, म्हणून अर्ज फेटाळला."

"मग चारचौघांत पोटच्या पोराचं उणं काढू?"

"उणं कसलं त्यात? परवा न्हाणीत पडलीस तेव्हा काय झालं?"

"बिचारा माझा हात धरून बसून राहिला."

"किती वेळ?"

"तू येईपर्यंत."

इतक्यात दार उघडून कार्यालयातल्या मॅडम बाहेर आल्या.

"या आजी. मदतनीस रोज घरी पाठवता येईल, पण गरज आहे असं तुम्ही सांगायला हवं. मागच्या वेळी म्हणालात, याला सगळं स्वतः जमतं."

म्हातारी मुलाच्या खांद्याचा आधार घेऊन उठली.

"नाही हो मॅडम, त्याला नाही जमत. आणि आता मलाही जमत नाही."