डब्ब्याला लावलेल्या सपोर्टबद्दल अतुल दाभाडे याचा जबाब

नाव: अतुल सांडू दाभाडे. वय: वीस. शिक्षण: बारावी, एक विषय राहिला. धंदा: फोटो स्टुडिओत एडिटिंग. राहणार: चितेगाव, ता. पैठण, जि. छत्रपती संभाजीनगर. मोबाईल: आहे, पण कालपासून याच ठाण्यात जमा.

मी समक्ष हजर राहून, हवालदार साहेबराव शेळके यांनी विचारल्यावरून सांगतो की, गुलमंडीत कपड्याच्या दुकानावर बद्रीनाथ काकांचा लग्नाच्या फोटो-शूटिंगचा स्टुडिओ आहे, तिथं मी कामाला आहे. काका माझ्या नात्यातले नाहीत, सगळेच त्यांना काका म्हणतात. स्टुडिओतल्या डब्ब्यातले सगळे फोटो आणि व्हिडिओ कुणीतरी लॉक केले अशी त्यांची तक्रार आहे. संशय कुणावर, असं विचारल्यावर त्यांनी माझं नाव सांगितलं. "पोरगं मस्करीखोर आहे, चोर नाय," असंबी त्यांनी लिहून दिलंय. ते साहेबांनी मला वाचून दाखवलं. त्यावर माझं काही म्हणणं नाय.

डब्बा म्हणजे काय ते सांगतो. काळा, चपातीच्या डब्ब्याएवढा, पुढं निळी लाईट. आत दोन हार्डडिस्क. त्याची वायर नेटच्या मशीनला. स्टुडिओतले सगळे कंप्युटर त्याच्यातच माल टाकतात, आणि पुण्याचं, दुबईचं गिऱ्हाईक घरी बसून लिंकवर फोटो निवडतं. म्हणून तो चोवीस तास नेटवर. काका म्हणायचे, "दोन डिस्क हायत, एक मेली तर दुसरी हाय." दोघींत एकच माल असतो. एकीला लॉक लागलं की दुसरीलाबी त्याच दमात लागतं, हे आम्हाला परवा कळलं.

गणपती झाल्यावर स्टुडिओच्या मेलवर डब्ब्याच्या कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. मेल मीच बघतो. मी वरची ओळ वाचली आणि काकांना सांगितलं, "काका, डब्ब्याचा सपोर्ट संपला."

काका लेन्स पुसत होते. "म्हंजी?"

"म्हंजी सपोर्ट नाय आता त्याला."

"मंग लावू की आपण. त्यात काय कंपनीला इचारायचं?"

मला वाटलं काका चेष्टा करत्यात. तोंड बघितलं तर तसं काही दिसलं नाय. मग मीबी तोंड सरळ ठेवलं. म्हणलं, "लवकर लावा काका, कलंडला तर अवघड व्हईल."

पत्रात खाली अजून दोन पानं होती. ती मी वाचली नाहीत. विचारल्यावरून सांगतो की, डब्बा नेटवरून काढा नायतर नवा घ्या, असं त्यात लिहिलेलं होतं. हे मला काल सायबर पोलिसांच्या मॅडमनी दाखवलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी करीम मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्रींनी डब्बा उचलून बघितला, खाली ठेवला, परत उचलला. म्हणले, "इत्ता सा डब्बा, काका. इसकू घोडी कायकू?" काका म्हणले, "कंपनीचं पत्र आलंय." मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीतून गुलमंडीचं ट्राफिक बघत होतो. मिस्त्री लई चांगला माणूस. त्यांनी डब्बा ठेवायला सागाची घोडी केली, चारी पायांना रबर लावलं, पॉलिश मारलं. काकांनी तिला हळद-कुंकू वाहिलं आणि डब्बा तिच्यावर बसवला.

ह्याची मी रील काढली. काका घोडी हलवून बघत्यात, आणि मी मोबाईलमागून विचारतोय, "काका, सपोर्ट मिळाला का?" आणि काका म्हणत्यात, "आता हत्ती बसला तरी हालायचा नाय." रील लई चालली. चितेगावात मला पोरं सपोर्ट म्हणून हाक मारायला लागली. काकांनाबी कुणीतरी दाखवली. ते म्हणले, "घोडी झ्याक दिसते रे." त्यांना लोक कशाला हसत्यात ते कळलं नव्हतं.

आता परवाचं. सकाळी स्टुडिओ उघडून मी झाडलोट करत होतो. काकांनी कंप्युटर लावला. सगळ्या फोल्डरांची नावं बदललेली, आणि प्रत्येकात एक इंग्रजी चिठ्ठी, की फाईली सोडवायच्या असतील तर इथं पैसे पाठवा. काका म्हणले, "अतल्या, काढ ते. गिऱ्हाईक यायलंय."

हे असं का म्हणले, तर उन्हाळ्यात मी एकदा त्यांच्या स्क्रीनवर कवटी लावली होती, खाली लिहिलं होतं 'तुमचा डाटा उडाला'. त्या वक्ताला काकांनी मला पळवत पळवत पार जिन्याखाली नेलं होतं, मग दोघंबी हसलो होतो.

मी म्हणलं, "काका, मी नाय केलं."

"काढ म्हणलं ना."

"आईशप्पथ काका. मी नाय."

मी वायर उपटली. तवर सगळं झालेलं होतं. काका उठले, डब्ब्यापाशी गेले आणि दोन्ही हातांनी घोडी हलवून बघितली. घट्ट होती. मग मला म्हणले, "सपोर्ट तर बरोबर लावला होता ना रे?"



सायबरच्या मॅडमनी मला विचारलं, सपोर्ट संपणं म्हणजे काय ते तुला ठावं होतं का? मी म्हणलं, कंपनी फोन उचलणार नाय, एवढं. मॅडम म्हणल्या, "फोनचं नाय रे. डब्ब्यात भोकं निघत राहतात, कंपनी ती बुजवत राहते. सपोर्ट संपला म्हणजे बुजवणं बंद. भोक कुठंय ते मात्र जगाला माहीत." मी विचारलं, मग आमच्यावरच कुणाचा डोळा होता? मॅडम म्हणल्या, हे करणाऱ्यांना गुलमंडी कुठं आहे तेबी माहीत नसंल. त्यांचं मशीन दिवसभर असले जुने डब्बे हुडकत बसतं, सापडला की शिरतं. पैसे पाठवले तरी फाईली मिळतील याची खात्री नाय, असंबी त्या म्हणल्या. हे चालू असताना हवालदार साहेबांनी विचारलं, ठाण्याच्या कॅमेऱ्यालाबी असाच डब्बा आहे, त्याचं काय? मॅडम म्हणल्या, कंपनीचं पत्र आलंय का ते बघा.

आता ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यातलं एक नाव सांगतो. बाकीची लग्नं पेनड्राईव्हवर घरोघरी गेलेली आहेत, ती परत जमतील. गोजरबाईंचं जमणार नाय.

गोजरबाई बिडकीनच्या. त्यांचा एकुलता मुलगा राजकुमार, त्याच्या लग्नाचं शूटिंग आमचं. लग्नानंतर वरीस व्हायच्या आत पैठण रोडला मोटारसायकलवर वारला. सून सोनिया माहेरी गेली, पेनड्राईव्ह तिच्या सामानात गेला, आता तो सापडत नाय म्हणती. गोजरबाईंचा मोबाईल बटणाचा. म्हणून घाटी दवाखान्यात बीपीच्या गोळ्या घ्यायला आल्या की त्या स्टुडिओत येत्यात आणि मी त्यांना टीव्हीवर व्हिडिओ लावून देतो. काका चहा सांगत्यात.

त्यांना पूर्ण लग्न लागत नाय. एकच जागा लागती, घास भरवायची. तिथं राजकुमार उखाणा घेतो. "पैठणच्या रोडला मोसंबीचा मळा," एवढं म्हणतो आणि अडकतो. मग मांडवात मागं बघून वरडतो, "माय, पुढं काय गं?" सगळे हसत्यात. इथं गोजरबाई दर खेपेला टीव्हीकडं बघून हळूच सांगत्यात, "सोनियाचं नाव घेतो, लागला तिचा लळा." मग म्हणत्यात, "परत लाव बाबा." मी परत लावतो.

त्या काल आल्या होत्या. काकांनी सांगितलं, डब्बा दुरुस्तीला गेलाय. डब्बा तिथंच घोडीवर होता, लाईट तेवढी बंद होती. गोजरबाई म्हणल्या, "व्हऊ द्या निवांत. माझं काय, म्या पुढल्या खेपेला बघीन." काकांना भुईमुगाच्या शेंगा दिल्या. मला म्हणल्या, "लेकरा, तोंड का सुकलंय? जेवत नायस का?" नंतर मला ठाण्यातून फोन आला आणि मी इकडं आलो.

रील मोबाईलवर आहे का, असं विचारल्यावरून सांगतो की, इन्स्टावरून मी ती परवाच काढून टाकली. पुरावा नष्ट करायला काढली नाय. खाली कमेंटमध्ये लोक अजून हसायलेत म्हणून काढली. कच्चं शूटिंग मोबाईलमध्ये आहे, आणि मोबाईल साहेबांच्या कपाटात आहे.

एक गोष्ट मला काल इथं बाकड्यावर बसल्यावर आठवली. घोडी बसवली त्या दिवशी गोजरबाई आलेल्या होत्या. रील काढताना काकांच्या मागं टीव्ही चालू होता. म्हणून आज सकाळी मी साहेबांना कपाट उघडायची विनंती केली. साहेबांनी मोबाईल चालू करून शूटिंग लावलं. काका म्हणत्यात, "हत्ती बसला तरी हालायचा नाय," आणि मागून राजकुमारचा आवाज येतो, मोसंबीचा मळा, आणि मग "माय, पुढं काय गं?" त्याच्या पुढं माझं हसणं आहे. तेवढ्यातच शूटिंग संपतं. गोजरबाईंचं उत्तर त्यात आलं नाय.

साहेबांनी ते दोनदा लावलं. दुसऱ्या खेपेला आवाज मोठा केला.

माझी विनंती अशी की, मोबाईल सील करून तपासणीला पाठवायच्या आधी तेवढ्या तुकड्याची एक कॉपी करून द्यावी. गुन्ह्याचं काय व्हायचं ते होऊ द्या, मोबाईल कितीबी दिवस ठेवा. माझं हसणं त्याच्यातून कापता येतं का, असं मी मॅडमना विचारलं. त्या म्हणल्या, दोन्ही आवाज एकात एक गेलेत, हसणं कापलं तर "माय" बी जाईल. मग राहू द्या म्हणलं. गोजरबाईंना काय सांगायचं ते मी आणि काका मिळून सांगू.

हा जबाब साहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला, मी बोललो तसाच आहे. एकच दुरुस्ती केली. रीलमधल्या आवाजाच्या जागी साहेबांनी उखाणा पूर्ण लिहिला होता. रीलमध्ये तो अर्धाच आहे. पुढची ओळ खोडून तिथं बाजूला मी सही केली आहे.

अतुल सांडू दाभाडे

समक्ष: पो. हवालदार साहेबराव शेळके