घोंगड्यावर पह्यलं कोण बसलं

न्हाई साहेब, चौकशी करायची तं बराबर करा, नुसतं सोमेश्वर सरांवर नका ढकलू — सर येतीलच, टेंभुर्णीला पुस्तकं आणायला गेलेत, तवर मला इचारा ना, मी होते की संगं. शाळेत मास्तरीण न्हाई, पोरींसोबत कोणीतरी बाईमाणूस लागतं, मंग सर म्हणले, गोपिकाबाई, एक दिवस खिचडीचं पातेलं पालथं घाला अन् चला जालन्याला. आता मी काय नको म्हणते — चौतीस लेकरं, सर अन् मी, एसटी ठरवून सकाळीच निघालो. कला अन् संस्कृती प्रदर्शन — पाटीच एवढी लांब, की दुसरीतलं एक लेकरू ती वाचेस्तोवर बाकीचे अर्धं प्रदर्शन बघून आल्ते.

अन् तुमच्या त्या तक्रारीच्या कागदात काय लिव्हलंय म्हणता, लेकरांना कलेची जाण न्हाई? बिलकुल खोटं. ह्या वह्या बघा, काय आवडलं ते सरांनी दुसऱ्या दिवशी लिव्हायला लावलं. सुग्रीवची वाचा. तिथं एका चित्रात गायीला सहा पाय होते, मी म्हणलं, काढणाराचं चुकलं वाटतं — तं हा सुग्रीव, सुट्टीत ढोरामागं हिंडणारा, मला म्हणतो कसा, मावशी, चुकलं न्हाई, ती पळून राह्यली, पळती गाय एवढ्याच पायांची दिसती. चित्रवाली बाई तिथंच होती, तिनं त्याला चित्राशेजारी हुभं करून फोटो काढला. अन् ह्या अर्पितानं काय लिव्हलं, सरांनी वाचून दाखवलं मला — मातीची बाई भाकरी थापत होती, पण तिच्या हाताला पीठ लागलेलं न्हाई. आठ वर्षांची पोर, साहेब. ह्यांना जाण न्हाई तं कोणाला हाय?

हां, घोंगडं. येते ना तिकडंच, एवढी जल्दी काहून. हॉलच्या मधोमध, फरशीवर, चांगलं काळंभोर घोंगडं आंथरलेलं — भोवती ना दोरी, ना काच — हात लावू नये म्हणून पाटी होती, पण ती पार भिंतीला, तिथून कोण वाचतं. आता तुम्ही कुठले ते मला ठाऊक न्हाई, पण आमच्या धनगराच्या घरात घोंगडं आंथरलं म्हंजी पाव्हण्याला बसा म्हणलं. त्याला वळसा घालून कोणी गेलं, तं घरवाल्याला वाटतं, आमच्यात काय कमी पाह्यलं ह्यांनी. लेकरांना हे शिकवावं लागत न्हाई. चपला काढून भिंतीकडं वळीनं लावल्या — ते तुमच्या कागदात न्हाई आलेलं — अन् बसले. बसल्यावर डबे निघणारच, भाकर, शेंगदाण्याची चटणी. तिथला तो माणूस तणतणत आला तं त्यालाबी म्हणले, या काका जेवायला. तेल सांडलं हे खरंय, तळहाताएवढं. मी राख लावून तिथंच काढून दिलं असतं, पण मला हातच लावू दिला न्हाई.

अन् तेवढ्यापायी सरांना नोटीस, शाळेच्या सहली बंद? पुढच्या साली सर लेकरांना बदनापूरहून रेल्वेनं नेणार होते, निम्म्यांनी रेल्वे अजून आतून पाह्यलेली न्हाई. पह्यलं कोण बसलं, पह्यलं कोण बसलं — तेच काय सारखं इचारून राह्यले. लेकरंच ती, मी काय मोजत होते? सरांनी बसा म्हणलं न्हाई, हे देवाशपथ सांगते, सर बाहेर ड्रायव्हरसंगं बोलत होते. अन् आमची लेकरं अशी आगाऊ न्हाईत, मोठं माणूस बसल्याबिगर एक लेकरू टेकायचं न्हाई —

म्हंजी तसं न्हाई. ती वही राहू द्या साहेब, साक्षीची हाय, तिचं अक्षर लागत न्हाई कोणाला. दुसरी घ्या. — वाचलं का? काय म्हणता, असं लिव्हलंय पोरीनं? 'गोपिकाबाई मावशी पह्यल्या बसल्या अन् हासल्या, ते मला सगळ्यात आवडलं.' सगळं प्रदर्शन सोडून हे आवडलं व्हय तिला.

बरं. मीच बसले. लग्नाला तीस वर्षं झाली. घरात घोंगडं पडतं — सासऱ्यासाठी, दिरांसाठी, पाव्हण्यांसाठी. लोकर आमी पिंजायची, सूत आमी काढायचं, बसायचं गड्यांनी. माझ्या पोरीची सोयरीक त्यावरच ठरली, अन् मी दाराआडून कपबशा पुढं सारत होते — पोरगा काय करतो, हे इचारायचं होतं मला, राहून गेलं. कोणी बसू नको म्हणलं न्हाई, खोटं कशाला बोलू. पण बस, असंबी कोणी म्हणलं न्हाई. अन् तिथं एवढ्या मोठ्या हॉलात, लाइटीखाली, रिकामं घोंगडं, एक गडी बसलेला न्हाई. मला वाटलं, कोणीतरी आपल्यालाच आंथरलं. काठावर न्हाई, मधोमध बसले, पाय मोकळे सोडून. लै बरं वाटलं, साहेब. मंग म्या लेकरांना हाक मारली, या रे.

आता लिव्हा. सरांचं नाव खोडा, माझं टाका. खिचडीचं काम गेलं तं जाऊ द्या, वावरात काम मिळतं मला, पण लेकरांची सहल नका घालवू. अन् काय लिव्हून राह्यले — 'नजरचुकीनं'? ते खोडा. पाटी वाचता येत न्हाई मला, पण चुकून न्हाई बसले मी. उठा आता, तांदूळ धुवायचेत मला.