गाठीचं वय

गंगापूर रोडवर हृदयाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी मनमाडचं एक जोडपं. नवरा स्वतःच्या तपासणीचं बायकोला सांगत होता.

"डॉक्टर म्हणाले, हृदयातली गाठ साधी हाय, कॅन्सरची नाय. उद्या काढतील."

"पण तिच्यात चुना दिसला म्हणाले, तो कुठून आला?"

"गाठीत आतल्या आत रक्त झिरपतं. ते जुनं झालं की चुना धरतो. त्याला लय वर्षं लागतात."

"किती?"

"ही दहाएक वर्षांची तरी असंल, म्हणाले."

"आपल्या लग्नाला तर सातच झाली!"

"मग?"

"मग आत्याबाई गावभर का सांगत्यात, सुनेच्या कटकटीनं गाठ झाली म्हणून? डॉक्टरांकडून लिहून घ्या."

"मीच सांगतो की आईला, घरी गेल्यावर."

"तुम्ही? आईपुढं?"

"अगं, सांगतो. पण उद्या ऑपरेशननंतर मी उठलोच नाय तर?"

"तर तेबी माझ्याच माथी येईल. गुमान उठायचं!"